चपट्या नटांवरची डिस्क

साताऱ्यात हायवेलगत आमचं टायरचं दुकान आहे. ट्रॅक्टर, ट्रॉली, पिकअप, कार हे रोजचंच. अलीकडे पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूनं क्वाडही येतात. पर्यटकांना तांबड्या मातीत फेरी मारायला देतात त्या चारचाकी बाईक. पासिंग नसतं, त्यामुळं रस्त्यावरून चालवत आणता येत नाहीत, टेम्पोत चढवून आणाव्या लागतात.

दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर असताना अशीच एक आली. मालकाची तक्रार एवढीच होती, "हँडल थरथरतंय, बॅलन्सिंग करून द्या." मूळच्या लोखंडी डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या चाकाच्या चकत्या, काढून पुण्याहून काळ्या अलॉय आणून टाकलेल्या. गाडी देखणी झाली होती, यात शंका नाही.

हवा बघितली तर पंचवीसच्या वर. क्वाडच्या टायरला साधारण पाच ते सात पीएसआय हवा लागते. टायर मऊ राहिला तरच तो दगडावर, चिखलात पसरून पकड घेतो. हा आकडा टायरच्या कडेलाच छापलेला असतो, पण पंक्चरवाले वाचत नाहीत, कारच्या हिशेबानं भरून मोकळे होतात. मालकाला वाटलं, थरथर हवेमुळंच असणार. मलाही हवेवर भागलं असतं तर बरं वाटलं असतं.

गाडी जॅकवर घेतली आणि पुढचं डावं चाक वर-खाली धरून हलवलं. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर हबसकट, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या मधल्या भागासकट, हलतं. इथं हब जागच्या जागी आणि डिस्क एकटीच खटखटत होती. नटाला पाना लावला, तर नट दगडासारखा घट्ट. नट घट्ट आणि चाक सैल, हे बघितल्यावर मी मालकाला म्हटलं, "साहेब, बॅलन्सिंगचं विसरा. आधी चाकं उतरवू द्या."

नट कशावर टेकतो, सगळी गोम तिथं आहे. या गाडीच्या लोखंडी डिस्कचं मधलं भोक हबच्या उंचवट्यावर नेमकं बसतं, चाक मध्यावर आणायचं काम ते करतं. नटानं फक्त दाबून धरायचं, म्हणून त्याचं तोंड सपाट, कडेला पसरट. बाहेरच्या अलॉय अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात. मग चाक मध्यावर आणायचं काम नटाकडं येतं, आणि त्यासाठी नटाचं तोंड 60 अंशाच्या उतरत्या शंकूचं लागतं. डिस्कच्या भोकालाही तसाच उतार दिलेला असतो. शंकू उतारात पूर्ण टेकला की चाक आपोआप मध्यावर येतं आणि दाब सगळीकडं सारखा पडतो. या डिस्क लोखंडी डिस्कच्याच चपट्या नटांवर आवळल्या होत्या. चपटा नट उताराच्या वरच्या धारेवर फक्त एका बारीक वर्तुळात टेकतो. ॲल्युमिनियम मऊ, ते वर्तुळ झिजतं, दाब जातो, डिस्क स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या बोल्टांवर, सरकायला लागते. नट मात्र माती आणि गंजानं आट्यांत जाम झालेला असतो, त्यामुळं पाना लावणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

डिस्क विकणाऱ्यानं बोल्टांचं माप बरोबर दिलं होतं, 4 बाय 156. म्हणजे चार बोल्ट, 156 मिलिमीटरच्या वर्तुळावर. पोलारिस कंपनीच्या बहुतेक गाड्यांना हे लागतं. होंडा-यामाहाच्या क्वाडना सहसा 110 आणि कॅन-ॲमला 137. एवढं माप जुळवून दिलं, मग चार-चार नट सोबत द्यायला काय हरकत होती? चाकाच्या किमतीपुढं नटाची किंमत काहीच नाही. गिऱ्हाईकही रंग विचारतं, डिझाइन विचारतं, नट विचारत नाही.

बाकीचे नट तेल सोडून, थोडं घट्ट थोडं सैल करत निघाले. त्या डाव्या चाकाचा एक निघेना. पाना फिरवला की नट फिरायचा आणि त्याच्याबरोबर स्टडही. स्टडच्या मुळाशी बारीक दाते असतात, त्या दात्यांनी तो हबमध्ये रुतून बसतो. कुणीतरी इम्पॅक्ट गननं, म्हणजे झटके देत नट आवळणाऱ्या मशीननं, एवढं ओढलं होतं की ते दातेच सोलले गेले होते. आता तो स्टड जागच्या जागी गरगरत होता. नट डिस्कच्या खोलगट भोकात, तिथं ग्राइंडर शिरत नाही. गॅसनं तापवायचं म्हटलं तर शेजारी टायर, आत बेअरिंगचं सील. डिस्क आणि हबमध्ये पहार सरकवून ताण दिला, म्हणजे उरलेसुरले दाते पकडतील. तरी फिरतच राहिला.

मग ड्रिल करायचं ठरवलं. पण ड्रिल लावलं की स्टडही त्याच्याबरोबर फिरणार. आमच्याकडचा पोरगा हुशार आहे, त्यानं नळी पाना काढला. दोन्ही बाजूंनी पोकळ, त्यामुळं नटावर बसवून आतून ड्रिल जातं. नळीला बाहेरून पाइप पाना लावून तो दोन्ही हातांनी दाबून बसला. नट आणि स्टड एकमेकांत जाम होते, तेच आता कामाला आलं: नट धरला की स्टडही थांबला. मध्यावर पंच मारला, आधी बारीक बिट, मग त्याच्यापेक्षा मोठा, तेल सोडत, घाई न करता. बिट आट्यांच्या मुळापर्यंत पोचला तसा स्टडचा गाभा संपला आणि नट नळीतच गळून पडला. डिस्कला नवीन ओरखडासुद्धा नाही. त्या कामाचा मला अभिमान आहे आणि त्या पोराचा त्याहून जास्त.

डिस्क उलटी करून उजेडात धरली. गोल भोकं लांबट झाली होती, करंगळीचं नख कडेला अडकत होतं. एका भोकापासून केसासारखी चीर आत निघाली होती.

मालक म्हणाला, "मोठा वायसर टाकून आवळा की! शनिवारपासून गर्दी आहे. शंकूचे नट मागवून बसवलं तरी चालेल."

लांबट भोकात शंकू बसत नाही, चिरेला तर काहीच उपाय नाही. मी नाही म्हटलं. आवाज दोन्हीकडून चढले. त्या गाडीवर आठवड्यात किती कुटुंबं बसतात, ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि तरी तो वायसर मागत होता. हे मला आजही पचत नाही. शेवटी जुन्या लोखंडी डिस्क मागवल्या, टायर त्यांच्यावर चढवले, एक स्टड नवीन बसवला. हबची तोंडं तारेच्या ब्रशनं घासली, नट हातानं चढवले, समोरासमोरचे टप्प्याटप्प्यानं आवळले, शेवट टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजून आवळायच्या पान्यानं. थोडं फिरवून आणायला सांगितलं आणि पुन्हा तपासले. थरथर गेली.

अलॉय मात्र तो टेम्पोत टाकून घेऊन गेला. मी म्हटलं, "भंगारात द्या, नाहीतर आत्ताच ग्राइंडरनं काप मारतो." तो म्हणाला, "पैसे घातलेत त्यात." बिलावर मी लिहिलं, डिस्क निकामी, वापरू नयेत. पण बिल डिस्कबरोबर पुढं जात नाही.

पुढं काही दिवसांनी वाईकडच्या एका पोराचा फोन आला. "156 ला बसतील असे नट मिळतील का? सेकंडहँड काळ्या अलॉय स्वस्तात मिळाल्यात. भोकं जरा मोठी आहेत, वायसर चालेल का?" म्हटलं, आधी डिस्क घेऊन ये, बघण्याचे पैसे घेत नाही. कुणाकडून घेतल्या ते विचारलं, तर त्यानं फोन ठेवला. नंतर मी लावला, उचलला नाही. त्याच डिस्क असतील असं छातीठोक सांगता येत नाही. पण डोक्यातून जात नाही. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू त्याच्या मर्जीविरुद्ध मोडायचा मला काय अधिकार, आणि न मोडता ती दारातून जाऊ द्यायचा तरी काय?

आता निकामी डिस्क परत देताना तिच्या पुढच्या बाजूला, भोकांच्या मध्ये, अक्षरांच्या पंचनं 'बाद' ठोकतो. आधी सांगून ठोकतो. परवा एकानं त्यावरून वाद घातला, "डिस्क माझी, शिक्का तुमचा कशाला?" त्याचं म्हणणं कायद्यानं बरोबर असेल. ठोकल्याशिवाय दिली नाही.