टोकन बरोबर होतं, तरी ४०१

जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या की आमच्या टेलिग्राम ग्रुपवर रोज एकच प्रश्न: आज तालीम कितीला? वेळापत्रक माझ्याकडे, त्यामुळे फोंड्याहून पणजीला जाताना कदंबा बसमध्ये बसून उत्तरं देणंही माझ्याच गळ्यात. वैतागून म्हटलं, बॉटच करतो, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम.

बॉट पाच मिनिटांत झाला. बॉटफादरला, म्हणजे नवे बॉट बनवून देणाऱ्या टेलिग्रामच्या बॉटला, नाव सांगायचं, शेवटी 'बॉट' येईल असं युजरनेम द्यायचं, की टोकन मिळतं, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली. पायथनचा कोड वीसेक ओळींचा. पहिलं उत्तर आलं तेव्हा छाती इतकी फुगली की स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. टोकनसकट.

भाच्याचा लगेच फोन. "मामा, टोकन ज्याच्या हातात, बॉट त्याचा. फोटो डिलीट करून भागणार नाही, नवीन घे." बॉटफादरकडे जुनं रद्द केलं, नवं डॉट एन्व्ह फाइलमध्ये (कोड आपली गुपितं जिथून वाचतो ती) टाकलं आणि तिथून दोन रात्री ४०१ अनऑथराइज्ड, म्हणजे टोकन मान्य नाही.

फाइल दहादा उघडली. मागेपुढे स्पेस राहिली का पाहिलं. कोड कोणतं टोकन वाचतोय ते बघायला पहिली आठ अक्षरं छापली, जुळली! इथेच फसलो. कोलनच्या आधीचे आकडे म्हणजे बॉटचा आयडी, टोकन बदललं तरी ते तेच राहतात. छापायचीच तर शेवटची चार छापा. मी मात्र लायब्ररी काढून परत घातली, लॅपटॉप बंद-चालू केला. आई स्वयंपाकघरातून, "कितें रे, अजून तेंच?"

दुसऱ्या रात्री ब्राउझरमध्ये टेलिग्रामच्या एपीआयच्या (कोड टेलिग्रामशी जिथे बोलतो त्या) पत्त्यापुढे 'बॉट', त्याला चिकटून टोकन आणि मग गेटमी, म्हणजे 'मी कोण' हा प्रश्न, असं टाकलं. (मध्ये तिरकी रेघ घातलीत तर ४०४, म्हणजे 'सापडत नाही', येतो, तेही करून झालं.) बॉटचं नाव आलं. म्हणजे टोकन ठीक, कोडच दुसरं काही पाठवतोय. शेवटची अक्षरं छापली तर जुनीच! पहिल्या दिवशी उत्साहात मी ते जुनं टोकन बॅशआरसीमध्येही (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) एक्सपोर्ट करून ठेवलं होतं, म्हणजे सिस्टीमचं व्हेरिएबल करून. सिस्टीममध्ये व्हेरिएबल आधीच असेल तर पायथनची डॉटएन्व्ह लायब्ररी फाइलमधलं घेत नाही, ओव्हरराइड ट्रू दिल्याशिवाय. बॅशआरसीमधली ती एक ओळ उडवली, नवा टर्मिनल उघडला, झालं.

हो, ग्रुपमध्ये बॉटला साधं बोलणं ऐकू येत नाही, प्रायव्हसी मोड मुळातच चालू असतो. कमांड द्यावी लागते, आणि तिला देवनागरी चालत नाही. भाच्यानेही तोच कोड त्याच्याकडे चालवला तेव्हा ४०९, म्हणजे टक्कर, येऊ लागला. एका टोकनवर दोघांनी एकाच वेळी अपडेट, म्हणजे आलेले नवे मेसेज, मागायचे नाहीत.

बॉट सध्या घरच्या लॅपटॉपवर चालतो. परवा वीज गेली, बॅटरीही संपली. न पोचलेले मेसेज टेलिग्राम २४ तासांपर्यंत धरून ठेवतं, हे मला रात्री अकराला कळलं. तालीम आटोपून सगळे घरी पोचले होते, आणि ग्रुपवर ओळीने आठ वेळा: आज तालीम सातला.