बर्टनची बास आणि आमचे परीक्षक

५० पैकी २९. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या 'बास' नावाच्या बिअरला माझ्या मित्राने एवढे मार्क दिले, तेही बर्टनमध्ये बसून, पिंपापासून चार हातांवर. त्यावरून आमची अशी जुंपली की शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी पेपर खाली ठेवला. हे प्रवासवर्णन मुख्यतः त्या भांडणाचं आहे. बाकीचा प्रवास ठीकठाक झाला.

मित्र डर्बीला असतो. विमानांच्या इंजिनांचं काम करतो आणि तिथली मोजमापाची खोड त्याने बिअरलाही लावली आहे. बीजेसीपी नावाची एक अमेरिकन संस्था आहे, बिअरच्या स्पर्धांना परीक्षक तयार करणारी. तिचा गुणतक्ता याच्या सॅकमध्ये छापील गठ्ठ्याने असतो: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकंदर मताला १०. शिवाय फोनवरच्या अॅपमध्ये पाचपैकी वेगळे तारे. सोबत पाण्याची बाटली आणि बिनमिठाची बिस्किटं, जीभ स्वच्छ करायला. चखणा बंद. शेंगदाणेसुद्धा नाहीत, कारण म्हणे मिठाने कडवटपणा दबतो. सुट्टीवर निघालो आहोत की प्रॅक्टिकलच्या परीक्षेला, असं मी बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनवरच विचारलं होतं. उत्तरादाखल त्याने मला एक पेन्सिल दिली.

ठरलं होतं ते एवढंच की फक्त पेल एल (फिकट रंगाची इंग्लिश बिअर) आणि आयपीए (इंडिया पेल एल, जी पूर्वी जहाजाने हिंदुस्थानात यायची) प्यायच्या, आधी मँचेस्टर, मग शेफील्ड, मग बर्टन.

मँचेस्टरचं थोडक्यात उरकतो. रेल्वेच्या कमानीखाली एक टॅपरूम, म्हणजे ब्रूअरीचाच बार, बसायला लाकडी बाकं, पाठ टेकायची सोय नाही, आणि संगीत इतक्या जोरात की 'सिट्रा' म्हटलेलं 'सिम्को' ऐकू यावं. (दोन्ही अमेरिकन हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. चवीत फरक आहे, पण त्या गोंगाटात तो कळायची सोय नव्हती.) फळ्यावरची बहुतेक नावं हेझी आयपीएची. ओट्स आणि गहू घालून मुद्दाम गढूळ ठेवायच्या आणि आंबवताना वरून हॉप्स ओतायचे. पहिला घोट झकास लागतो, नाकात थेट आंब्याचा पल्प. दुसऱ्या ग्लासातही आंबा. तिसऱ्यात आंबा आणि अननस. परीक्षक मात्र खूश, ४१, ४२ असे मार्क पडत होते. एक डबल, म्हणजे जास्त कडक, आयपीए एक तृतीयांश पिंटच्या पेल्यात घेतली, म्हणजे १८९ मिली, आणि तिचे पावणेपाच पौंड मोजले. आमच्याकडे पिऊन झालं की बाहेर, दुसरी मंडळी उभी आहेत, असा तिथला एकूण चेहरा. त्याची मला चीड येते. ज्या ठिकाणी माणसाला निवांत बसू देत नाहीत त्याला मी पब म्हणत नाही.

शेफील्डला थॉर्नब्रिज ब्रूअरीची 'जयपूर' नावाची आयपीए प्यायलो. ५.९ टक्के, २००५ पासून बनते, मध आणि ग्रेपफ्रूट असा काहीसा वास, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा कोरडा कडूपणा. फार चांगली आहे, मला तक्रारीला जागाच नाही. नावाबद्दल तेवढी आहे. बिअर उतरायची मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या धक्क्यांवर आणि नाव लागलं जयपूरला, जिथे समुद्र नाही की बंदर नाही. मित्राने ४० दिले. नावाला रकाना नसतो म्हणाला.

आता बर्टन.

हवा अनुकूल असेल तर या गावात दोन वास येतात. एक मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, शिजल्याचा. दुसरा मार्माइटचा. ब्रूअरीतून उरलेल्या यीस्टपासून ते काळं, खारट चाटण इथेच १९०२ पासून बनतं. गाव दिसायला अगदीच सामान्य, रविवारी दुपारी निम्मी दुकानं बंद. पण उत्तर लंडनमधल्या सेंट पँक्रास स्टेशनाच्या तळघरातले खांब एकमेकांपासून किती अंतरावर असावेत हे ज्याच्यावरून ठरलं, ते पिंप याच गावचं. १८६८ मध्ये ते स्टेशन बांधलं तेव्हा बर्टनची बिअर तिथे उतरवायची होती, म्हणून मोजमाप पिंपाच्या हिशेबाने घेतलं.

हे सगळं नीट दाखवणारं संग्रहालय इथे होतं. १९७७ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद पडलं. जागा ऑफिससाठी हवी होती. ज्या गावाने जगाला पेल एल प्यायला शिकवलं त्या गावात त्याबद्दल तिकीट काढून बघण्यासारखं काही उरलेलं नाही. मला याचा राग आला, आणि तो मी स्टेशन स्ट्रीटभर बोलून दाखवला. मित्र म्हणाला, "तू पुण्यातली किती संग्रहालयं बघितलीस?" हा मुद्दा नव्हता.

क्रॉस स्ट्रीटवर कूपर्स टॅव्हर्न आहे. पूर्वी बासच्या ब्रूअरीशीच जोडलेली जागा. पुढच्या खोल्या इतर पबांसारख्याच, पण खरी जागा मागे आहे. लहानशी खोली, भिंतीला धरून आडवी ठेवलेली पिंपं, आणि नेहमीच्या बारऐवजी त्यांच्याशेजारी एक छोटासा कठडा. बास इथे पंपाने ओढत नाहीत. काउंटरवरच्या बाईंनी पिंपाची तोटी फिरवली, बिअर आपल्या वजनाने जगमध्ये उतरली, जगमधून ग्लासात आली. "देअर यू गो, मी डक," म्हणाल्या. या भागात कुणीही कुणालाही डक म्हणतं. मला पहिल्यांदा एका कंडक्टरने म्हटलं होतं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

रंग तांब्याचा, अगदी नितळ. फेस पातळ, कडेला धरून राहणारा. गार नाही, तळघराच्या तपमानाची, बारा अंशांच्या आसपास. आणि नाक जवळ नेल्याबरोबर काडेपेटीची काडी ओढल्याचा वास. क्षणभर येतो आणि जातो. याला इथे 'बर्टन स्नॅच' म्हणतात. गावच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर आहे, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि हा गंधक तिथलाच. याच पाण्यामुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, टोकदार लागतो, नुसता जिभेला चिकटून बसत नाही. जगभरचे ब्रूअर आज आपापल्या पाण्यात जिप्सम मिसळून आपलं पाणी बर्टनसारखं करून घेतात.

मी अर्धा ग्लास होईपर्यंत काही बोललो नाही. मित्र लिहीत होता. वास १२ पैकी ६.

"सहा?"

"हॉप्सचा वास कुठाय? आणि हा गंधक दोष आहे."

"अरे, इथला गंधक दोष? गणपतीत शेंदूर दोष म्हणशील."

"मी तक्त्यातलं सांगतोय."

इथून पेटलं. मी विचारलं, कुठल्या वर्गात धरतोयस? तो म्हणाला, इंग्लिश आयपीए, १२सी. मी म्हटलं, तुझ्याच पुस्तकात इंग्लिश आयपीए किमान ५ टक्के पाहिजे आणि ही आहे ४.४. त्याने फोनवर बघितलं. बरोबर. मग ती जाते बेस्ट बिटरमध्ये, ११बी. म्हणजे जिच्या घराण्याने आयपीए जगभर नेली तीच नियमाप्रमाणे आयपीए नाही! आणि मँचेस्टरचा तो आंब्याचा पल्प आहे, २१सी, हेझी आयपीए, राजमान्य राजश्री. यावर परीक्षकांनी बराच वेळ बिस्किट खाल्लं.

आजोबांनी पेपर खाली ठेवला तो इथे. त्यांना मराठी कळण्याचं कारण नव्हतं, पण तक्ता दिसत होता. कशाचे मार्क चाललेत, विचारलं. मित्राने मनापासून सगळं समजावलं, बारा, तीन, वीस, पाच, दहा. आजोबा ऐकत राहिले. मग त्याच्या ग्लासाकडे बोट केलं. त्यात अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. म्हणाले की एवढ्यावर कसं सांगणार? खाली जाऊ दे आधी. आणि परत पेपर वर.

माझं म्हणणं नेमकं तेच होतं, फक्त मी ते इतक्या थोडक्यात मांडलं नव्हतं. चमचा-चमचा चाखून पेल एलला मार्क देणं हा तिच्यावर अन्याय आहे. सिट्रा आणि मोझॅक ओतलेली बिअर पहिल्या घोटात सगळं सांगून टाकते, म्हणून तक्त्यावर ती जिंकते. बासचं तसं नाही. पहिला घोट साधा, थोडा सफरचंदी, थोडा बिस्किटासारखा. अर्ध्या पिंटनंतर तो कोरडा कडूपणा साचायला लागतो, तोंड सुकतं आणि पुढचा घोट आपोआप घेतला जातो. पूर्ण पिंट संपल्यावर कळतं की आपल्याला अजून एक हवी आहे. या गोष्टीला ५० पैकी किती? तक्त्यात फार तर 'एकंदर मत' म्हणून दहातले आठ. मँचेस्टरच्या डबल आयपीएची दुसरी पिंट कुणी मागितलेली मी अजून पाहिलेली नाही, आणि तिला ४२.

मग मी इतिहास काढला. भांडणात इतिहास काढू नये, पण बिअर होती. आयपीए खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली ही गोष्ट बहुतेक बाटल्यांवर छापलेली असते आणि ती तितकीशी खरी नाही. लंडनच्या बो भागात जॉर्ज हॉजसनची ब्रूअरी होती, ईस्ट इंडियाच्या गोदीला जवळ. जहाजांचे कप्तान त्याच्याकडून उधारीवर पिंपं घेत. ऑक्टोबरात काढलेली, हॉप्स जास्त घातलेली जी बिअर इंग्लंडात आधीपासूनच होती, तीच आफ्रिकेच्या टोकाशी केपला वळसा घालून महिनोन्‌महिने हेलकावे खात आली आणि इथे पोचेपर्यंत मुरली. शिवाय आपल्याकडच्या गोऱ्या शिपायांची खरी आवड काळी पोर्टर होती, पेल एल साहेबलोकांची. पुढे हॉजसन मंडळींनी कप्तानांना डावलून नफा स्वतःच खायचं ठरवलं, भाव वाढवले, आणि १८२० च्या दशकात कंपनी सरकारातल्या एका डायरेक्टरने बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला विचारलं, तुला अशी बनवता येईल का? ऑलसॉपचा रशियाचा धंदा तेव्हा नुकताच बसला होता. पहिला प्रयोग चहाच्या किटलीत केला म्हणतात. बर्टनच्या पाण्यात ती लंडनपेक्षा सरस उतरली. मागोमाग बास आली. इतकी गाजली की १ जानेवारी १८७६ ला ब्रिटनमध्ये ट्रेडमार्कची नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या क्रमांकावर लागला तो बासचा लाल त्रिकोण. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या त्या बारमधल्या मुलीच्या चित्रातही, १८८२ चं, दोन्ही बाजूंच्या बाटल्यांवर तो त्रिकोण आहे.

मित्र म्हणाला, "हे सगळं खरं. पण इतिहासाला रकाना नाही."

"आणि हेझीला किती दिवस टिकते याचा रकाना आहे?" मी म्हटलं. कारण गंमत बघा, जिचं नाव समुद्रप्रवासावरून पडलं तिच्या आजच्या कॅनवर तारीख असते आणि थोड्याच महिन्यांत हॉप्सचा वास उतरून तिची कळा जाते. मुंबईला जहाजाने पाठवली तर ती पोचेल, पण जिच्यासाठी ४२ दिले ती पोचणार नाही. यावर त्याच्याकडे उत्तर होतं, की आता विमानं आहेत, आणि त्यांची इंजिनं आम्ही करतो. हा एक मुद्दा मी त्याला दिला.

तोवर त्याने दुसरी अर्धी पिंट मागवली होती. तक्ता न काढता. मी ते बोलून दाखवलं नाही, कारण बिल तो देत होता. एका ताटलीत चीज आणि कांद्याचा कॉब आला, म्हणजे जाडजूड पाव, आत सढळ हाताने चिरलेला कच्चा कांदा. बिनमिठाच्या बिस्किटांचा कार्यक्रम तिथेच आटोपला. बासबरोबर कच्चा कांदा इतका चांगला लागतो हे कुणीतरी आपल्या बारवाल्यांना सांगायला हवं. तसे ते चखण्यात देतातच म्हणा, लिंबू पिळून.

बर्टनला जायचंच असेल तर उशीर करू नका, एवढं सांगतो. बर्टन युनियन नावाची इथली खास पद्धत होती. ओळीने जोडलेली लाकडी पिंपं, आंबताना वर आलेलं यीस्ट हंसाच्या मानेसारख्या नळीतून वरच्या पन्हाळीत चढायचं आणि खाली बिअर नितळ व्हायची. बासने ती १९८० च्या दशकातच सोडली होती. गावातले शेवटचे संच मार्स्टन्सच्या ब्रूअरीत २०२४ मध्ये बंद झाले, आणि त्यातला एक बेकवेलला, त्या जयपूरवाल्या थॉर्नब्रिजकडे गेला. बास स्वतः अजून बर्टनमध्येच बनते, पण दुसऱ्याच्या ब्रूअरीत, परवान्यावर. असं किती दिवस चालेल ते सांगता येत नाही.

आणि नाशिकच्या ज्या मित्राने एक बाटली घेऊन ये म्हणून निरोप धाडलाय, त्याला इथेच उत्तर: नाही आणता येणार. पिंपातली बास गाळलेली नसते, यीस्ट आत जिवंत असतं आणि पिंप फोडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं. तूच ये. राहायला बर्मिंगहॅमला माझ्याकडे, फक्त तक्ता आणू नकोस.