तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावरच्या कॅसेटी अजून वाजतील का?

"घरी डबाभर जुन्या कॅसेटी पडल्या आहेत. वाजतील का? मोबाइलमध्ये घेता येतील का?" हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर असं की बहुतेक वाजतात, पण आधी निवड करा. सिनेमाची गाणी आज कुठंही सापडतात. ज्या कॅसेटवर पेनानं 'दंडार', 'काकडा' नाहीतर '१४ एप्रिल' लिहिलंय, ती पहिली घ्या. गावच्या मंडळाचं खंजेरी भजन, जयंतीच्या मांडवातली भीमगीतं, आजीची जात्यावरची गाणी यांची दुसरी प्रत कुठंच नसते. म्हणून ती 'वाजते का बघू' म्हणून लावूच नका. पहिल्यांदा वाजेल तेव्हाच रेकॉर्ड झाली पाहिजे. टेपची परीक्षा सिनेमाच्या कॅसेटवर घ्या.

टिनाखालच्या उन्हाळ्यानं कॅसेटचं कवच वाकतं, पावसाळ्यात रिळावर पांढरी बुरशी धरते. बुरशीची कॅसेट वेगळी ठेवा, सगळ्यांत शेवटी लावा. उन्हात वाळवू नका. बाकीच्या कॅसेटी आधी पेन्सिलनं हातानं थोड्या फिरवा. वर्षानुवर्षं एकाच वळणात बसलेली पट्टी मोटरच्या झटक्यानं तुटते.

मग खालच्या तोंडाशी मधोमध बघा. पितळी पट्टीवर फेल्टची इवलीशी गादी असते. ती रीळ टेपच्या हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, दाबून धरते. तिचा डिंक सुटला की आवाज दबतो, मध्येच जातो, आणि लोक समजतात गाणं पुसलं. गाणं शाबूत असतं. पाच स्क्रूची एखादी निकामी कॅसेट उघडा आणि आपल्या कॅसेटच्या दोन्ही चकत्या रिळासकट तिच्यात बसवा. रीळ तुटलं असेल तर दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापा, टोकाला टोक भिडवा आणि स्प्लायसिंग टेप (रीळ जोडायची खास चिकटपट्टी) आतल्या बाजूनं लावा. बाहेरची बाजू हेडला घासते. साधी चिकटपट्टी नको, तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरून शेजारचे वेढे चिकटतात.

आता टेप. रबरी पट्टा बहुधा सैल झालेला किंवा डांबरासारखा वितळलेला असतो, तो बदला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा. रबरी रोलर कडक, चकचकीत झाला असेल तर तोच कॅसेट 'खातो'.

हेडशेजारी स्प्रिंगवर एक बारीक स्क्रू असतो. गावोगावच्या टेपचं हेड थोडं थोडं तिरकं असायचं, त्यामुळं एकावर भरलेली कॅसेट दुसऱ्यावर दबलेल्या आवाजात वाजते. कॅसेट चालू असताना हा स्क्रू अगदी सावकाश, पाव वेढ्याच्या आत फिरवा. कान खंजेरीच्या झांजांवर ठेवा. 'छन्न' जिथं सगळ्यांत स्वच्छ वाजेल, तिथं थांबा. एवढ्या एका गोष्टीनं जो फरक पडतो, तो नंतर कॉम्प्युटरवर कितीही खटाटोप केला तरी मिळत नाही.

टेपच्या लाइन-आउटमधून वायर कॉम्प्युटरच्या निळ्या लाइन-इनमध्ये घाला. गुलाबी भोक माइकचं, तिथं आवाज फाटतो. इअरफोनच्या भोकातून घेत असाल तर आवाज अर्ध्यावर ठेवा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट ठेवा. रेकॉर्डिंगची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी घेते, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला सहाशेच्या वर जागा लागेल. मूळ फाइलवर खरखर काढायचा प्रयोग करू नका, तो प्रतीवर करा.

एक दोष मात्र खास आपल्याकडच्या रात्रीच्या कार्यक्रमांचा. लाइट नसायची, टेप सेलवर चालायचा. सेल उतरत गेले की रीळ हळू फिरायचं. तेच आज बरोबर वेगानं लावलं की शेवटची भजनं घाईत आणि बारीक आवाजात ऐकू येतात. ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड अँड पिच' (जुन्या आवृत्तीत 'चेंज स्पीड') वापरा, त्यानं स्वर आणि वेग एकत्र उतरतात. 'चेंज टेम्पो'नं फक्त वेग बदलतो, गळा बारीकच राहतो. किती उतरवायचं हे मंडळाची पेटीच सांगते. ती एकच असल्यानं तिची पट्टी रात्रभर बदलत नाही. पहिल्या भजनातल्या पेटीचा सा धरा आणि शेवटच्या भजनातली पेटी त्याला मिळेपर्यंत वेग कमी करत जा. जुनी पेटी देवळात अजून असेल आणि पुन्हा सुरात लावलेली नसेल, तर ती शेजारी घेऊनच बसा.