तक्रार असेल त्याने टाळ चालू ठेवायचा

"नवरा अंथरुणाला आणि तू वारीला?" असं तोंडावर विचारणाऱ्या दोघी-तिघीच होत्या; बाकीच्यांनी पाठीमागे विचारलं. सांगणार तरी काय? ह्यांच्या आजाराला अजून नावच नाही. सांधे दुखतात, उभं राहिलं की धडधडतं, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. आणि एखाद्या दिवशी जरा जास्त हिंडणं-फिरणं झालं, की पुढचे दोन-तीन दिवस अंथरूण. थायरॉइड, बी-१२, ईएसआर, एएनए, मेंदूचा एमआरआय... फाइल फुगत गेली आणि प्रत्येक कागदावर 'नॉर्मल'. ते वाचून आनंद व्हायला हवा. आम्हाला धडकी भरते, कारण त्यापुढचं वाक्य 'ताण घेऊ नका' असतं. एका डॉक्टरांनी तर माझ्याकडे बघत विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना?"

मला पाठवलं ह्यांनीच. नणंद येऊन राहिली आणि मी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाले.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवेघाटाची चढण. सासवडला टेकले तेव्हा टाचेला हा मोठा फोड. दिंडीतल्या एका आजींनी न विचारताच पाय मांडीवर ओढून घेतला, सुई आरपार काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "असू दे माउली, रात्रीत पाणी निथळून जातं." फोड दिसत होता, म्हणून त्यांनी खरंच दुखतंय का, असं विचारलं नाही. ह्यांना मात्र दर वेळी आपलं दुखणं पटवून द्यावं लागतं, तेही घसा कोरडा पडेपर्यंत. आणखी एक. एवढं चालूनही पहाटे टँकरपाशी बादली घेऊन उभी राहिले, तेव्हा अंग बऱ्यापैकी मोकळं होतं. झोपेने थकवा उतरतो, यात नवल ते काय? पण ह्यांचा उतरत नाही. रात्रभर झोपून उठतात ते आदल्या रात्रीपेक्षा दमलेले.

वाल्ह्याच्या तळावर समाजआरतीला पुढे जागा मिळाली. पालखी तळावर आली की दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. मग चोपदार दंड उंच करतात आणि एका क्षणात सगळं शांत. हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ, सगळं तिथेच पुकारतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती टाळ थांबवत नाही. त्या दिवशी एक दिंडी अशीच वाजवत राहिली. चोपदार चालत त्यांच्यापर्यंत गेले, काय ते ऐकून घेतलं (पाण्यावरून काहीतरी होतं), तेव्हा टाळ थांबले. "दंगा करू नका" असं कुणी म्हणालं नाही. सोहळ्याची ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी लावली म्हणतात. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. आज्ञेबरोबर तक्रारीचीही सोय करून ठेवणारा सरदार विरळाच!

रात्री फोनवर ह्यांना हे सगळं सांगितलं. दोन घटका बोलणंही ह्यांना जड जातं, पण त्या दिवशी हसले. म्हणाले, "पुढच्या वेळी ओपीडीत टाळ घेऊनच जाऊ."

टाळ नाही, पण वही आहे. काय काम केलं, कधी दुखलं, नाडी बसून किती, उभं राहून किती, हे सगळं ह्यांनी त्यात लिहायचं आणि दवाखान्यात मी वाचून दाखवायचं, असं आमचं ठरलंय. बायकोने पाहिलेलं सांगितलं की डॉक्टर थोडं जास्त ऐकतात. का, ते विठोबा जाणे.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत न थांबता कळसाला हात जोडले आणि मिळेल ती एसटी धरली. पुढच्या आठवड्यात संधिवाततज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. त्याआधी वहीची पानं स्वच्छ लिहून काढायची आहेत. वाईट दिवसांतलं ह्यांचं अक्षर मलाही लागत नाही.