मूडलवर वर्ग काढला, यादीनं घाम काढला

'प्राध्यापकच ऑनलाइन शिकवायला राजी नसतात' हे प्रत्येक कार्यशाळेत ऐकवलं जातं. मी राजी होते हो! यादी राजी नव्हती.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात एम.कॉम.ला शिकवते. मूडल म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं, कॉलेजच्या सर्व्हरवर बसलेलंही होतं. नोट्स, क्विझ, असाइनमेंट सगळं मी सुट्टीतच चढवून ठेवलं. मुलांची खाती उघडायला कॉम्प्युटर विभागाला फक्त मुलांच्या यादीची एक सीएसव्ही फाइल, म्हणजे एक्सेलमधून निघणारा साधा तक्ता, हवी होती. युजरनेम, नाव, आडनाव, ईमेल. चार रकाने.

ऑफिसनं यादी दिली ती छापील, वर गोल शिक्का. सॉफ्ट कॉपी मागितली तर त्याच कागदाचा स्कॅन आला. "पीडीएफ हाय की मॅडम, सॉफ्टच की ती!" एक्सेलसाठी प्राचार्यांचं पत्र लागेल म्हणाले. पत्र नेलं तर त्यावर जावक क्रमांक नाही. जावक नोंदवणारे भाऊ विद्यापीठात फॉर्म घेऊन गेलेले, "उद्या बघूया." आणि ती एक्सेल तिथंच, समोरच्या स्क्रीनवर उघडी! प्रिंट तरी दुसरी कशावरून निघाली होती?

शेवटी फाइल मिळाली. बघते तर ईमेलच्या रकान्यात खाली खाली तोच पत्ता. राधानगरी, भुदरगडकडच्या पोरांचे प्रवेश अर्ज नेटकॅफेवाल्यानं भरलेले आणि प्रत्येकाला त्यानं स्वतःचाच ईमेल ठोकलेला. मूडल तर, सेटिंग बदललं नाही तर, एका ईमेलवर एकच खातं उघडतं. बाकीच्या ओळी नापास. ऑफिस म्हणे, ईमेल दुरुस्त करणं आमचं काम नव्हे. कॉम्प्युटर विभाग म्हणे, डेटा ऑफिसचा, आम्ही हात लावणार नाही. मग मीच मुलांना लॅबमध्ये बसवलं आणि गूगल फॉर्मवर ज्याचा त्याचा ईमेल भरून घेतला. त्यातही अनेकांचं जीमेल भावाच्या नाहीतर वडिलांच्या फोनवर, पासवर्ड कुणालाच आठवत नाही.

कुणी या वाटेनं जाणार असेल तर युजरनेमला पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, घ्या. रोल नंबर प्रवेश संपेपर्यंत हलत राहतो. नावं मराठीत असतील तर फाइल सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, नाहीतर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात.

गंमत म्हणजे तंत्रज्ञान-स्वीकाराची मॉडेलं मीच वर्गात शिकवते. माणसं नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात, यासाठी डेव्हिस या संशोधकानं १९८९ मध्ये दोन गोष्टी धरल्या: उपयोग वाटणं आणि वापर सोपा वाटणं. २००३ मध्ये वेंकटेश आणि सहकाऱ्यांच्या युटॉट (UTAUT) या पुढच्या मॉडेलमध्ये भोवतालची सोय-मदत हा स्वतंत्र घटक आला. पीएच.डी.ची मुलं त्याच्या प्रश्नावल्या आमच्याकडून भरून घेतात, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत'. त्या शेवटच्या घटकाखालचे सगळे गोल मी आता 'पूर्ण असहमत'ला काळे करते.

हां, एक राहिलंच. व्हिडिओ लांबलचक ठेवू नका, सोबत नोट्सची हलकी पीडीएफ द्या. गगनबावड्याकडं पावसात रेंज मिळायची मारामार.

क्विझ मात्र आपोआप तपासली जाते, गुणांचा तक्ता तयार मिळतो. त्या एका सुखासाठी यंदा प्रवेश समितीत स्वतःहून नाव घातलंय. अर्ज घेतानाच पोराला समोर फोन उघडायला लावून ईमेल तपासणार आहे.