बारा गाणी निवडता निवडता

आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दरवर्षी एक व्याख्यान असतं. यंदाच्या व्याख्यात्यांचा जमणार नाही असा निरोप आला आणि समितीच्या बैठकीत मी बोलून गेले, "मग आपण गाणी ऐकू या. गोमंतकीय कलाकारांचीच. दोन तास." सगळ्यांना कल्पना आवडली आणि काम माझ्याकडे आलं. हातात पाच आठवडे होते. कार्यक्रम मे अखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आधी उरकायचा होता.

पहिल्या रात्री मी आणि बाबा जेवणानंतर वही घेऊन बसलो. नुसती आठवतील तशी नावं लिहीत गेलो तर दोन पानं भरली. मास्टर दीनानाथ, केसरबाई, मोगूबाई, ज्योत्स्नाबाई भोळे, अभिषेकीबुवा, रामदास कामत, प्रभाकर कारेकर, एन. दत्ता, लॉर्ना, ख्रिस पेरी, रेमो. त्यांत आमच्या फोंड्याच्या आसपासच्या पाच-सात मैलांतलीच इतकी निघाली की बाबा म्हणाले, "बाकीचा गोवा उद्या लिहूया." दोन तासांत प्रत्येक गाण्याआधी दोन शब्द बोलायचे आणि लोकांनाही बोलू द्यायचं, म्हणजे बारा गाणी. त्याहून एकही जास्त नाही, हे मी तिथेच ठरवलं. दोन पानांतून बारा काढायची तर काहीतरी नियम हवा होता.

बाबांचा नियम सोपा होता: जन्म गोव्यात झालेला हवा. मला तो पटला, पण दहा मिनिटंच. कारण या नियमाने लताबाई गेल्या. आडनाव मंगेशीचं, पण जन्म इंदूरचा. मोगूबाईंच्या लेक किशोरीताई गेल्या, त्यांचा जन्म मुंबईचा. लताबाईंचे भाऊ हृदयनाथ गेले, ते सांगलीचे. "किशोरी आमची न्ही?" आई स्वयंपाकघरातून विचारती झाली. तिने तेवढंच विचारलं, पण नियम तिथेच मोडला.

मग मी दुसऱ्या बाजूने पाहिलं. गाणी झाली कुठे? आणि हे मला आजवर कधी जाणवलंच नव्हतं: आमच्या वहीतलं जवळजवळ प्रत्येक गाणं गोव्याबाहेर झालेलं. दीनानाथ मंगेशीत १९०० साली जन्मले, पण त्यांचं सगळं नाव झालं ते नाटक कंपन्यांतून, पुढे १९१८ साली निघालेल्या बळवंत संगीत मंडळीतून. सांगली, मुंबई, पुणे. अभिषेकीबुवाही मंगेशीचेच. घरात देवाच्या अभिषेकाची परंपरा, तेच पुढे आडनाव झालं. त्यांनीही ज्या नाटकांना चाली दिल्या ती सगळी तिकडची. रामदास कामत साखळीचे, त्यांचं गाणं मुंबईत बहरलं. आणि ज्या बायकांच्या गळ्यावर आपण आज अभिमान सांगतो, त्यांतल्या कितीतरी कलावंत, म्हणजे देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या, घराण्यांतल्या. इथे त्यांना देवळाच्या सेवेपलीकडे आणि जमीनदारांच्या बैठकीपलीकडे जागा नव्हती. गुरू तिकडे, रेकॉर्ड कंपनी तिकडे, तिकीट काढून ऐकणारा श्रोता तिकडे. आणि मान? तोही आधी तिकडेच मिळाला. हे मला कार्यक्रमात स्पष्ट बोलायचं होतं. नुसता "आमच्या मातीतले सूर" म्हणून फुलं वाहणं मला जमलं नसतं.

तर शेवटी आमचा नियम असा झाला: इथून गेलेली माणसं, आणि इथून गेलेल्यांची मुलं. जी गाणी बाहेर झाली ती दोन तासांसाठी घरी आणायची.

या नियमामुळे पहिलं गाणं क्षणात ठरलं, 'जाईन विचारीत रानफुला'. शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथांची, आवाज किशोरीताईंचा. म्हणजे मंगेशीहून गेलेल्या एका घराचा मुलगा आणि कुर्डीहून गेलेल्या एका घराची मुलगी एका गाण्यात भेटली. दोघांचाही जन्म गोव्यातला नाही. हे गाणं मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलंय, पण त्या रात्री हे लक्षात आल्यावर मी उठून पुन्हा लावलं. आईने भांडी तशीच ठेवली आणि येऊन बसली.

नाट्यगीतांत मला फार त्रास झाला नाही. दीनानाथांचं 'परवशता पाश दैवे' घ्यायचंच होतं. 'मत्स्यगंधा' मात्र मोह पाडत राहिलं. १९६४ चं नाटक, चाली अभिषेकीबुवांच्या. त्यात रामदास कामतांचं 'गुंतता हृदय हे' आणि आशालता वाबगावकरांचं 'गर्द सभोवती रान साजणी'. संगीतकार गोव्याचा, गायक गोव्याचा, गायिका गोव्याची. दोन्ही घेतली. शिवाय बुवांच्या स्वतःच्या आवाजातलं 'कैवल्याच्या चांदण्याला' तर घेणारच होते.

खरी मेहनत पडली ती आजोबांच्या ट्रंकेपायी. माळ्यावर त्यांच्या लाखेच्या तबकड्या होत्या, तेवीस. ज्योत्स्नाबाईंचं 'बोला अमृत बोला' त्यातच होतं. ज्योत्स्नाबाई बांदिवड्याच्या, म्हणजे आमच्या शेजारच्याच. हे गाणं ज्यातलं ते 'कुलवधू' नाटक आलं १९४२ साली, आणि आजोबांनी ती तबकडी मुंबईहून आणली होती असं बाबा सांगतात. इंटरनेटवर हे गाणं सहज मिळतं. पण मला आमच्या घरात वाजलेली तबकडी लोकांना ऐकवायची होती.

आपल्याकडच्या हवेत चाळीस पावसाळे काढलेल्या तबकडीवर काय होतं ते पाहायचं असेल तर ती उजेडात तिरकी धरावी. खाचांमध्ये पांढरी बुरशी जाळ्यासारखी पसरलेली असते. मी कापसावर स्पिरिट घेतलं आणि पुसायला लागले. चष्मा पुसतो तसं. कापूस तपकिरी झाला तेव्हा वाटलं, चला, मळ निघतोय. तो मळ नव्हता, लाख होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराच्या हाताखाली जो पॉलिशचा डबा असतो तो याच गुणावर चालतो, आणि मला हे ठाऊकही होतं, फक्त त्या क्षणी सुचलं नाही. अर्ध्या बाजूची चकाकी गेली, हाताला किंचित चिकट लागायला लागली. मी ती तबकडी मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तिचं कागदी पाकीट घेतलं आणि कपाटात नीट ठेवून दिलं.

उरलेल्या बावीस तबकड्यांच्या वेळी मी शहाणी झाले होते. मडगावला जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी सगळं शिकवलं. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवत. मधला कागद भिजू द्यायचा नाही. लगेच पुसून उभी करून सावलीत वाळवायची. दुसरी गोष्ट सुईची. नंतरच्या काळातल्या एलपीची सुई बारीक असते. लाखेच्या तबकडीची खाच रुंद, त्यामुळे ती बारीक सुई तळाशी जाऊन घासत बसते आणि नुसती खरखर ऐकू येते. रुंद टोकाची सुई लावली की आवाज एकदम वर येतो. त्यांनी 'परवशता' लावलं आणि दीनानाथांची ती विजेसारखी तान खोलीत आली तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. तीन मिनिटांच्या बाजूत तो माणूस काय काय करतो! ज्योत्स्नाबाईंची तबकडीही त्यांनी लावून पाहिली. पहिलं कडवं खरखरीत बुडालंय, पण पुढचं येतं. मी तेच घ्यायचं ठरवलं.

केसरबाईंच्या बाबतीत निवड माझी नव्हती म्हणा ना. त्यांचं गाव केरी इथून जवळ. त्यांची भैरवीतली 'जात कहां हो' ही साडेतीन मिनिटं नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर आहेत. त्यातलं व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. मला त्यातले शब्द जास्त लागले. कुठे निघालात? आमच्या यादीतल्या प्रत्येकाला गावाने हे विचारायला हवं होतं.

मोगूबाईंचं मात्र अडून बसलं होतं. त्यांची ध्वनिमुद्रणं मोजकी, आणि त्यांची लय ही निवांत ऐकायची गोष्ट. पाच मिनिटांचा तुकडा कापणं मला गुन्हा वाटत होता. म्हणून एका रविवारी मी सांगे महालात कुर्डीला गेले. हा गाव १९८० च्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला. लोकांना वाडें, वालकिणी इथे वसवलं. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि मे महिन्यात गाव वर येतो. घरांची जोती, विहिरींचे काठ, तोडलेल्या झाडांचे काळे बुंधे, सोमेश्वराचं देऊळ. भेगाळलेल्या लाल चिखलातून चालत मी मोगूबाईंच्या घराचे अवशेष म्हणून दाखवतात तिथे गेले. चिऱ्यांच्या ओळी, बाकी काही नाही. एका चिऱ्यावर फोन ठेवला आणि त्यांचं गाणं लावलं. विलंबित. वाऱ्यात आवाज उडून जात होता, समेवर तेवढा हाताशी येत होता. पूर्ण ऐकलं. तिथेच ठरवलं, कापायचं नाही. बाकीच्यांना बोलायचा वेळ कमी देईन.

कोंकणी आणि सिनेमाची गाणी घेण्यावर समितीत थोडी कुरबुर झाली. "मराठी वाचनालय आहे आपलं." मी ऐकलं नाही, आणि या एका बाबतीत मी आवाजही चढवला. मुंबईच्या सिनेसंगीतातला व्हायोलिनचा, ट्रंपेटचा केवढा तरी भाग आपल्या माणसांनी वाजवलाय. चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत, म्हणून ही मंडळी कागद समोर ठेवला की वाजवू शकायची. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि गुरूचं नाव १९७७ च्या 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' या प्रसिद्ध गाण्यात अजरामर केलं. पण बाकी किती जणांची नावं तबकडीवर छापलीच नाहीत. शंकर-जयकिशन यांच्याकडे ताल सांभाळणारे दत्ताराम वाडकर गोव्याचेच. 'चुन चुन करती आई चिडिया'ची चाल त्यांची आहे, हे बाबांना माहीत नव्हतं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस ते गाणं म्हणतच मोठा झालेला! ते खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, "आमचो?" एन. दत्ता म्हणजे दत्ता नाईक, तेही आमचेच. त्यांचं 'सूर तेच छेडीता' घेतलं. कोंकणीत लॉर्नाचं 'बेबदो' आणि शेवटी, मांडो या गोव्याच्या गीतप्रकाराच्या मैफलीत असतो तसा, निरोपाचा 'आडेउस'.

कार्यक्रमाला साठेक माणसं आली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून पोरं खिडकीत बसली. चिडियावर ती पोरं हसली, 'बेबदो'वर मागच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या धरल्या, आणि कुरबुर करणारे समितीचे काका पाय आपटत ताल देत होते. 'बोला अमृत बोला' खरखरीतून वर आलं तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले. कलावंत बायकांविषयी मी जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलले. सभागृह गप्प झालं. नंतर एक वयस्क बाई जवळ आल्या, माझा हात धरला आणि काही न बोलता तसाच धरून ठेवला.

मोगूबाईंच्या गाण्याला मी फक्त एवढंच सांगितलं की हे गाणं मी कुर्डीला जाऊन, त्यांच्या घराच्या जोत्यावर बसून ऐकलं. तिसऱ्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले. त्यांचं घर बुडालं तेव्हा ते तिशीत होते, आता वालकिणीला राहतात, लेकीकडे आले होते. म्हणाले, "तांच्या घराफाटल्यान आमची बांय आसली." त्यांच्या घरामागे आमची विहीर होती. मग बसले. गाणं सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील, त्यांनी हात वर केला. मला वाटलं आवाज कमी पडतोय. त्यांनी विचारलं, "बाय, पयलीं सावन लावशी?"

मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.