जरा सरकता का?

ख्रिस्ती धर्मात पंथांची वाण नाही, त्यात आणखी एकाची भर घालायला हरकत नसावी: बाकाच्या कडेला बसणाऱ्यांचा. उपासनेला वेळेवर यायचं, पाच-सहा माणसं सहज मावतील अशा रिकाम्या बाकाचं अगदी टोक धरायचं, आणि नंतर येणाऱ्याने 'जरा सरकता का?' म्हटलं तरी सरकायचं नाही. गुडघे तिरके करून त्याला आत जायला वाट द्यायची. मी या पंथाची जुनी सभासद. मागून तिसरं बाक, दाराकडची कड. प्रवचन अगदीच असह्य झालं तर गुपचूप उठून जाता यावं, हा हेतू. इतक्या वर्षांत एकदाही उठले नाही, ही गोष्ट वेगळी.

माझ्यासारखीला कड सोयीची पडते. मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कलमं सगळ्यांनी मिळून म्हणायची ती, म्हणताना येशू कुमारीपोटी जन्मला या ओळीला माझा आवाज बारीक होतो. नरकाचा विषय निघाला की नजर खिडकीकडे जाते. आमच्याखेरीज बाकी सगळे बुडाले, असं कुणी ठासून सांगू लागलं की ओळखीतली कितीतरी भली माणसं डोळ्यांपुढे येतात आणि त्यांना बुडवायला मन धजत नाही. पुरोगामी ख्रिस्ती म्हणवून घ्यायचं तर दोन्हीकडून ऐकावं लागतं. मंडळीतले म्हणतात, हिचा विश्वास पातळ. बाहेरचे मित्र म्हणतात, एवढं पटत नाही तर जातेस कशाला? दोघांचंही समाधान करता आलं असतं तर मी बाकावर कशाला, व्यासपीठावर असते.

तर बाक. ते चर्चइतकं जुनं नाही. पहिल्या मंडळ्या घरांतच जमायच्या. सीरियात दुरा-युरोपस इथे तिसऱ्या शतकातलं असं एक घर सापडलं. तिथल्या लोकांनी दोन खोल्यांमधली भिंत काढून उपासनेसाठी मोठी खोली केली होती. जागा हवी तर भिंत पाडा, साधा हिशेब. पुढे भव्य चर्चं झाली तरी माणसं उभीच असायची. 325 साली निकियाच्या परिषदेत पुत्र येशू पिता देवाशी एकतत्त्व आहे की नाही यावरून धर्माध्यक्षांची डोकी तापली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच परिषदेच्या विसाव्या नियमात, रविवारी गुडघे न टेकता उभ्यानेच प्रार्थना करावी, असंही ठरलेलं आहे. त्याचं पुढे काय झालं ते आपण बसून पाहतोच आहोत. सरसकट बाकं आली ती फार उशिरा, आणि धर्मसुधारणेनंतर प्रवचनाला महत्त्व आलं तशी ती पक्की बसली.

लांब प्रवचनाचा धोका तसा प्रेषित पौलापासूनचा, बायबलातच आहे. खिडकीत बसून ऐकणारा युतुख नावाचा तरुण पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेला म्हणूनच उचलला, पण पौलाने त्याला कवेत घेतलं आणि तो जिवंत निघाला. मग पौल वर गेला आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत राहिला! चमत्काराचं काय ते असो, हा शेवटचा तपशील कुणी रचलेला असेल असं मला वाटत नाही.

बाकं आली तशी मालकीही आली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी चर्चमध्ये बाकं भाड्याने दिली जात. बाकाला दार, दारावर क्रमांक, चांगल्या जागेला जास्त भाडं. गरिबांनी मागे किंवा वरच्या सज्जात बसायचं. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला 'इथे बसा' आणि मळक्या कपड्यांतल्याला 'तू तिथे उभा राहा' म्हणणाऱ्यांना बायबलातल्या याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात चांगलं झापलं आहे. ते पत्रही त्याच बाकांवर बसून ऐकलं जात होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातल्या एका चर्चमध्ये ॲबसलम जोन्स आणि इतर कृष्णवर्णीय उपासक प्रार्थनेसाठी गुडघ्यांवर असताना, ही तुमची जागा नाही म्हणून त्यांना ओढून उठवायला सुरुवात झाली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच जोन्स म्हणाले. उठवणाऱ्यांना तेवढाही धीर नव्हता. प्रार्थना संपली तसे ते सगळे मिळून बाहेर पडले. त्यांच्यातल्या रिचर्ड ॲलन यांच्या नेतृत्वाखाली 1816 साली कृष्णवर्णीयांचं स्वतंत्र मेथडिस्ट चर्च उभं राहिलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं, बरं का.

हे वाचून मी हळहळायचे, आणि आपण त्यांतल्या नाही असंही मनाशी म्हणायचे. मग एका रविवारी, आधीच्या एका मंडळीत, उपासना सुरू झाल्यावर दोन तरुण आत आले. हातात हात होते. माझ्या बाकावर जागा होती. तिथे माझी पर्स होती आणि पर्सवर गीतांचं पुस्तक. समलिंगी नात्यांबद्दलची माझी मतं तेव्हाही आजचीच होती, घरी जेवताना मी ती तावातावाने मांडायचे. पण पुढच्या बाकांवरची दोन-तीन डोकी मागे वळली, ती मला दिसली. मी पुस्तक उचललं आणि गीताचा क्रमांक शोधत बसले. क्रमांक समोर फळ्यावर लिहिलेला होता. पर्स तिथेच राहिली. ते दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. तिसऱ्या गीताच्या वेळी मान वळवून पाहिलं तेव्हा भिंत रिकामी होती.

तेव्हापासून योहानाच्या शुभवर्तमानातली थोमाची गोष्ट मी वेगळ्या ठिकाणी थांबून वाचते. येशू मरणातून उठला हे त्याच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा शिष्य तो. प्रवचनं सगळी त्याच्या बोटावर आणि येशूच्या जखमांवर होतात. मला त्याआधीचे आठ दिवस खुणावतात. बाकीचे म्हणताहेत, आम्ही प्रभूला पाहिलं. हा एकटा म्हणतो, मी मानणार नाही. आणि आठ दिवसांनी दारं बंद असताना तो आतच आहे, त्यांच्यातच. कुणी त्याला घालवलं नाही, तोही तणतणत निघून गेला नाही. त्या आठ दिवसांत ते कितीदा भांडले, झोपायला कोण कुणाशेजारी होतं, योहान एक अक्षर सांगत नाही. माझं जे काही धर्मज्ञान आहे ते त्या न सांगितलेल्या आठवड्यात मावतं.

हल्ली माझ्या बाकावर एक आजी असतात. नरक त्यांना पत्त्यासकट ठाऊक आहे. मतांगीकार म्हणताना मी गप्प झाले की, मला ओळ सापडत नाही असं समजून त्या आपलं पुस्तक माझ्याकडे कलवतात आणि नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवतात. नखाजवळ कातडी फाटलेलं, जरासं थरथरणारं बोट. काय सांगणार? मी मान डोलावते.

गेल्या रविवारी शास्त्रपाठ चालू असताना कुणीतरी आलं. पावसात भिजलेलं जॅकेट, धाप लागलेली. 'जरा सरकता का?' मी सवयीने गुडघे तिरके केले. आजींनी कोपराने ढोसलं. मग मी पर्स मांडीवर घेतली आणि सरकले, आजी सरकल्या, त्यांच्या पलीकडचे गृहस्थही कुरकुरत सरकले, बाकही कुरकुरलं आणि वाचणाऱ्या बाईंनी क्षणभर मान वर केली. आलेला माणूस माझ्या ऊबदार जागेवर बसला. मला मिळालेलं लाकूड गार होतं, आणि तिथून दार दिसत नव्हतं.